वीस मोजेपर्यंत

बसा मित्रांनो, जरा सरकून बसा, सगळ्यांना जागा होईल. मी एक जुना प्रोग्राम आहे. कम्प्युटरच्या पोटात राहतो. मला ना हात ना पाय, फोटो काढायला गेलात तर नुसतं टेबल-खुर्ची येईल. पण एकोणीस वर्षं एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे इमानानं राबलोय, आणि अजून राबतोय. ते कुणाच्या कृपेनं, तेच सांगायचंय.

माझं काम असं. डॉक्टर वरच्या मजल्यावर औषध लिहितात. मी खाली खिडकीशी त्याची चिठ्ठी छापतो. नाव, वय, किती चमचे, दिवसातून किती वेळा. खिडकीतली बाई ती चिठ्ठी बाटलीला चिकटवते आणि बाटली देते. तिला लहानथोर सगळे मावशीच म्हणतात. काम दिसायला एवढंसं, पण त्या चिठ्ठीच्या भरवशावर माणसं औषध तोंडात घालतात.

मला लिहिलं एका चष्मेवाल्यानं. तेव्हाचं छापायचं यंत्र भारी तापट. लागोपाठ दोन चिठ्ठ्या मागितल्या की गरम व्हायचं आणि कागद आत धरून बसायचं. म्हणून चष्मेवाल्यानं मला शिकवलं, एक चिठ्ठी छापली की वीस मोजायचे, मग दुसरी. आणि त्या ओळीशेजारी, पुढं मला दुरुस्त करायला येईल त्याच्यासाठी, टीप लिहून ठेवली, 'हे काढू नका.' का काढू नका, ते लिहिलंच नाही! भला माणूस, पण तेवढं चुकला.

वर्षं गेली. तापट यंत्र भंगारात गेलं, चष्मेवाला निवृत्त झाला, नवीन यंत्र आलं. मी आपला वीस मोजतोय. कुणी थांब म्हणालंच नाही ना.

रांग पार दारापर्यंत जायला लागली. एक काठीवाले आजोबा होते, ते रोज टोमणा मारायचे, "मावशे, औषध मिळेपर्यंत दुखणं आपोआप बरं होतंय बघ!"

"मग जा की घरी. बाटली वाचेल माझी."

"बाटली घेऊनच जाणार. इतका उभा राहिलोय, फुकट कशाला घालवू!"

सगळे हसायचे. पण एका सोमवारी आजोबा बोलता बोलता गप्प झाले आणि चक्कर येऊन खालीच बसले. मोठे डॉक्टर धावत आले. आजोबांना पाणी पाजलं, बाकावर निजवलं, आणि मग त्यांचा पारा चढला. "हा म्हातारा प्रोग्राम उपटून टाका! सगळं नवं आणा!"

खोटं कशाला सांगू, मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली.

मला बघायला एक मुलगी आली. मावशीनं तिला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, मुंगी. कारण पोतंभर साखर समोर असली तरी ती एकेक दाणाच उचलणार. तिनं मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एवढ्या प्रेमानं मला कुणीच वाचलं नव्हतं. मग डॉक्टरांना म्हणाली, "सगळं नवं आणलं तर चुकाही नव्या येतील, सर. आणि त्या कुणाच्याच ओळखीच्या नसतील. दुखतंय तिथंच बघू या."

दुखरी जागा तिला सापडलीच. वीस मोजणं. शेजारी टीप, 'हे काढू नका.' मुंगीनं चष्मेवाल्याचा नंबर शोधून फोन लावला. तो तिकडून हसला. "अगं, ते यंत्र केव्हाच मेलं! बिनधास्त काढून टाक."

आता ज्यानं लिहिलं तोच काढ म्हणतोय, मग कसली भीती? दुसरी कुणी असती तर तिथंच काढून मोकळी झाली असती. पण मुंगी ती मुंगीच. खिडक्या दोन होत्या. तिनं फक्त मावशीच्या खिडकीवर बदल केला, तोही बुधवारी दुपारी, गर्दी कमी असताना. जुना मी जसाच्या तसा बाजूला ठेवला, बिघडलंच तर लगेच परत आणायला. आणि स्वतः स्टूल घेऊन मावशीशेजारी बसली. म्हणाली, "आज प्रत्येक बाटली माझ्या डोळ्यांखालून बाहेर जाईल."

मी सुटलो! मोजणं नाही, थांबणं नाही. भराभर चिठ्ठ्या काढल्या. एकीला एक जोडलेली, जिभेसारखी लांब पट्टी लोंबायला लागली. मला वाटलं, काय पराक्रम!

पण मावशीचे हात गडबडले. त्या वीस आकड्यांत ती काय काय करायची, ते मला कधी कळलंच नव्हतं. चिठ्ठी वाचायची. बाटली उजेडात धरायची. नाव पुकारायचं. समोरून "हो, मीच" आलं की मगच चिकटवायचं. चिठ्ठी एकच असायची, म्हणून चूक व्हायला जागाच नव्हती. भिंतीवरचा खिळा ज्या फोटोसाठी ठोकला तो फोटो गेला, पण मागाहून कुणीतरी त्याच खिळ्याला आरसा टांगला, तसं झालं होतं.

मुंगीनं एक बाटली हातात धरून ठेवली. "मावशी, ही तर त्या कडेवरच्या बाळाची ना?"

"हो, खोकल्याची."

"मग बाळाचं वय पंच्याहत्तर कसं?"

आजोबांची चिठ्ठी होती ती. तीन-तीन चमचे, दिवसातून तीन वेळा. बाळाला द्यायचा होता अर्धा चमचा.

मावशीचा चेहरा पांढराफटक. "बावीस वर्षांत माझ्या हातून असं कधी..."

"तुमच्या नाही मावशी, माझ्या हातून झालं," मुंगी म्हणाली. तिनं बरोबर चिठ्ठी लावून बाटली बाळाच्या आईला दिली आणि त्याच मिनिटाला जुन्या मला परत बसवलं.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आता आहे तसंच राहू दे?"

"तसंच ठेवलं तर रांगेत माणसं कोसळतायत, सर. नाही बदललं तरी धोका आहेच." मग ती मावशीकडे वळली. "तुम्हाला नक्की काय हवंय? वीस सेकंद?"

मावशी म्हणाली, "वीस घेऊन काय करू? मलमाच्या डबीला पाच पुरतात. बहिऱ्या माणसाला चाळीस पुरत नाहीत, तेव्हा पुढची चिठ्ठी ओठांत धरून उभी राहते मी. मला फक्त समोरच्याचं 'हो' ऐकू दे, गं."

मुंगीनं माझी एक ओळ काढली, एक घातली. आता मावशीच्या डाव्या हाताशी एक जाडजूड बटण आहे. 'हो' आलं की ती ते दाबते, आणि मी पुढची चिठ्ठी देतो. आठ दिवस एकाच खिडकीवर चालवून बघितलं, मग दुसरीवर. दीड वाजता संपणारी सकाळची रांग आता साडेबाराला संपते. आजोबांची तक्रार मात्र संपली नाही. "गप्पा मारायला वेळच ठेवला नाही, मावशे!"

मित्रांनो, मला उपटलं नाही, आणि गंजतही ठेवलं नाही. चष्मेवाल्याचे उपकार, मावशीचे उपकार, आणि मुंगीचे तर किती मानू! जाताना तिनं ती जुनी टीप पुसली आणि दुसरी लिहिली. ती मी छातीशी धरून ठेवलीय. तुम्ही मोठे होऊन कुणाचं चालतं काम सुधारायला जाल, तेव्हा आठवा. तिनं लिहिलंय, 'माणूस "हो" म्हणेपर्यंत हा थांबतो, कारण चुकीची बाटली बाळाच्या घरी जाऊ शकते. बदलायचं असेल तर जरूर बदला. आधी एक दुपार मावशीशेजारी बसा. स्टूल खिडकीखालीच आहे.'