तिच्या नावाचं खातं

"नंबर घेत नाहीये," काउंटरवाली म्हणाली आणि तिनं मावशीचा फोन तिच्याच नाकासमोर धरला. "म्हणतंय, या नंबरचं खातं आधीच आहे. मावशी, छुप्या रुस्तम निघालात की तुम्ही."

मावशीच्या ओठांत दोन टाचण्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागला. तयार कपड्यांच्या त्या दुकानात, मागच्या बाजूला, बावीस वर्षं ती लोकांच्या पँटी आखूड करत बसली होती. जेवणाच्या सुट्टीत काउंटरवालीनं तिच्या आयुष्याचं माप घ्यायला घेतलं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, आता बोलायला कुणीतरी हवं, असं त्या पोरीचं म्हणणं. आठ दिवस तिनं जोडीदार जुळवणाऱ्या साइटी धुंडाळल्या होत्या.

"फुकट म्हणतात आणि चौथ्या दिवशी कार्ड मागतात. एकीवर तर एकच बाई चार नावांनी बसलेली. ही एवढीच धड सापडली, आणि तिथं तुम्ही माझ्या आधी पोचलेल्या."

"काहीतरी चुकलं असेल गं."

चुकलं नव्हतं. त्याच फोनवर चार आकडे आले, ते घातले आणि खातं उघडलं. फोटो तिचाच होता. मशीनवर वाकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो घरच्या खिडकीपाशी काढलेला होता आणि काढणारा या जगात नव्हता. खात्यावरची तारीख तो जाण्याआधी पाच महिन्यांची होती. तो आठवडा मावशीला पाठ होता. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं.

काउंटरवालीचा चेहरा उतरला. "राहू द्या मावशी. मी बंद करून टाकते."

"नको. दे इकडे."

त्या दुपारी एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा डावा पाय उजव्यापेक्षा इंचभर आखूड झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मावशीनं मुकाट्यानं उसवून पुन्हा शिवला. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: मरणाच्या दारात बसलेला माणूस तिच्या नावानं कुणाशी बोलत होता, आणि का?

रविवारी सकाळचं काम आटोपून ती फोन घेऊन खिडकीपाशी बसली आणि वाचू लागली.

तिचा नवरा लिफ्ट तपासनीस होता. इमारतीत नवी लिफ्ट बसली की दाखल्यावर सही त्याची. बाकीचे तपासनीस खालीच उभं राहून लिफ्टचे दोर बघायचे. हा गडी दार लावून घ्यायचा आणि एकटाच वरच्या मजल्यापर्यंत जाऊन यायचा. माणसं बसवण्याआधी आपण बसायचं, हा त्याचा नियम. त्याच नियमानं तो या साइटवर तिच्या नावानं चढला होता. पाच महिन्यांत बारा पुरुषांशी बोलला होता. साइटवर प्रत्येक माणसापाशी एक छोटा चौकोन होता, फक्त आपल्यालाच दिसणारा. त्यात त्याचे शेरे होते.

"तिसऱ्या दिवशी पैसे मागितले. नापास."

"फोटो दुसऱ्याचा. नापास."

"बायको हयात. तरी गोड बोलतो. नापास."

अकरा जणांची अशी वाट लागली होती. बाराव्यापाशी, दाखल्यावर लिहायचा तसाच, शेरा होता: "वापरण्यास हरकत नाही."

मावशीला आधी हसू आलं आणि मागोमाग संताप. "मी काय लिफ्ट होते?" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. विचारायचं नाही, सांगायचं नाही, आणि आपल्यामागं बायकोची सोय लावून मोकळं व्हायचं. भांडायला माणूस समोर असता तर तिनं आठवडाभर अबोला धरला असता. आता अबोला तरी कुणाशी धरणार?

बारावा माणूस शाळेत भूगोल शिकवायचा, आता निवृत्त, एकटा. त्याला नवऱ्यानं पानंच्या पानं लिहिली होती, तिची होऊन. "सुईत दोरा ओवताना मी श्वास रोखून धरते." मावशीनं सुई घेतली, दोरा ओवला. खरंच श्वास रोखला गेला होता. "मला राग आला की मी भांडी नको तितकी घासते." हेही खरं. अधूनमधून मात्र गडी स्वतःच बाहेर डोकवायचा. "मला जिने चढायला फार आवडतं," असं एका ठिकाणी होतं. मावशीचे गुडघे दहा वर्षांपासून कुरकुरत होते. जिने आवडायचे ते त्याला. ओळीओळीतून तिचा आवाज यायचा आणि त्याखाली त्याचा, आणि दुपार कलेपर्यंत खोलीत आपण एकट्या नाही असं तिला वाटू लागलं. भीती वाटली नाही. मान मात्र तिनं मुद्दाम वळवली नाही.

मग नवऱ्याची बाजू थांबली. मास्तरांची थांबली नव्हती. दर महिन्याला एक निरोप, दोन वर्षं. "बऱ्या आहात ना?" "रागावला असाल तर तसं सांगा." शेवटचा नऊ दिवसांपूर्वीचा: "उत्तराची घाई नाही."

ज्या बाईची हा माणूस वाट बघत होता ती कधी नव्हतीच. खातं बंद केलं असतं तर त्याला कधीच कळलं नसतं, आणि तो लिहीत राहिला असता. तिनं एका बोटानं लिहिलं.

"तुम्ही ज्यांच्याशी बोलत होतात, ती मी नाही. ते माझे यजमान. माझ्यासाठी माणूस पारखत होते. दोन वर्षांपूर्वी ते वारले. तुमची फसवणूक झाली, माफ करा."

मास्तरांनी वाचल्याची खूण उमटली. आता शिव्या येतील, आणि त्या खायला हव्यात, असं तिनं मनाशी ठरवलं.

"शेवटी फार थकले होते का?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाक्यं दोन-दोन शब्दांची झाली होती. मी विचारलंही होतं, बरं नाही का म्हणून. म्हणाले, शिवणाचं काम फार आहे."

मावशीनं फोन मांडीवर उपडा ठेवला आणि ती रडली. नवरा गेला तेव्हा जमलेल्या माणसांत तिनं धीर धरला होता. तो धीर आत्ता सुटला. जगाच्या पाठीवर आणखी एका माणसानं त्याचं थकत जाणं दिवसागणिक पाहिलं होतं, आणि ते तिला आज कळत होतं.

डोळे पुसून तिनं लिहिलं, "मला त्यांच्यासारखं लिहिता येत नाही."

"नका लिहू. एवढंच सांगा, दिसायला कसे होते? मी तर तुमचाच फोटो बघत आलो."

दोन वर्षांत लोकांनी तिला पुष्कळ विचारलं होतं. झोप लागते का, घर एकटीला मोठं होतं का, पुढं काय ठरवलंय. हे कुणी विचारलं नव्हतं.

"ठेंगणे होते," तिनं लिहिलं. पुढचं काही केल्या लिहवेना. मास्तर पलीकडे थांबून राहिले.