चेअरमनच्या घरचं दूध

अमेरिकेचा अध्यक्ष एका पोरीपायी गोत्यात आला होता, त्या वर्षीची गोष्ट. हातकणंगल्याजवळच्या एका गावात दूध संस्थेच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी त्याचा न्यायनिवाडा चालायचा. टीव्हीवरच्या बातम्या बघून आलेली मंडळी तावातावानं म्हणायची, राजीनामा द्यायलाच पाहिजे. सगळ्यांत चढा आवाज संस्थेचे चेअरमन हंबीरराव यांचा.

"त्याच्या जागी मी असतो तर खुर्चीला लाथ मारली असती की," असं ते म्हणायचे, आणि बाकीचे माना डोलवायचे.

गणपती गेले त्या आठवड्यात, भर दुपारी, आकाराम नावाचा संचालक पेंडीचं पोतं न्यायला संस्थेच्या गोदामात गेला, तर आत हंबीरराव आणि पवित्रा. पवित्रा म्हणजे संस्थेत दुधाची फॅट बघणारी तरणी विधवा. नोकरीत कायम करतो म्हणून हंबीररावांनी तिला वर्षभर झुलवत ठेवलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आकारामनं दार तसंच उघडं ठेवलं आणि हाका मारून आणखी चौघांना तमाशा बघायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी पवित्राला कामावरून काढलं. हंबीररावांना मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नाही. अमेरिकेच्या अध्यक्षाला घरी बसवणारी तोंडं, आकारामसकट, आता म्हणू लागली, "ही ज्याची त्याची खाजगी बाब हाय." आदल्याच वर्षी याच मंडळींनी एका म्हाताऱ्या संचालकाला पदावरून काढलं होतं, कारण त्याच्या सुनेनं दोन लिटर दूध तिकटीवरच्या, म्हणजे तीन रस्त्यांच्या नाक्यावरच्या, दुसऱ्या डेअरीला घातलं होतं. संचालकाच्या घरचं दूध बाहेर गेलं की पद गेलं, असा संस्थेचा नियमच होता. गोदामाबद्दल नियम नव्हता.

तरी काही सभासद कुरकुरले. तेव्हा हंबीररावांनी जाहीर करून टाकलं, की हे बालंट आहे, त्या वेळेला मी घरी जेवत होतो आणि माझी बायको बिरोबाचा भंडारा उचलून तसं सांगेल. देवाची हळद मुठीत धरून बोललेलं त्या गावात कोर्टाच्या निकालापेक्षा मोठं.

बायकोला, म्हणजे बनाबाईला, हे त्यांनी जेवताना सांगितलं. तांबडा रस्सा भुरकत, सहज, मीठ मागावं तसं.

"उद्या देवळात एवढंच म्हणायचं. मालक घरात जेवत हुतं."

"पर त्या दिशी तुमचं ताट झाकूनच हुतं. सांजला ती भाकरी म्हशीला घातली मी."

"ते तुला ठावं आणि म्हशीला. वडगावची पावणी सुपारी फोडायला येणार हायती. चेअरमनची पोरगी म्हणून मोनाला पसंत केलीया त्यांनी. खुर्ची गेली तर पोरीचं लगीन मोडतंय, ध्यानात ठेव."

रश्श्याचा थेंब त्यांच्या मिशीवर लोंबत होता. एवढी वर्षं या माणसाचं ताट आपण वाढलं, याचीच बनाबाईला शिसारी आली. पण मोना आत बसून सगळं ऐकत होती, म्हणून तिनं पुन्हा रस्सा वाढला.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं होतं. सगळे पुरुष. पुजाऱ्यानं तिच्या हातात भंडारा दिला. काय बोलायचं ते तिनं रात्रभर ठरवलं होतं आणि मोडलं होतं. मूठ मिटून तिनं तोंड उघडलं.

"त्या दिशी ताट..."

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आकाराम ओरडला आणि त्यानं मूठभर भंडारा उधळला. मग सगळ्यांनीच उधळला. बनाबाईच्या डोळ्यांत, नाकात, उघड्या तोंडात हळद गेली. खोकत खोकत ती बाजूला झाली. तिचं ऐकायला कुणी आलंच नव्हतं. तिचा हात तेवढा पिवळा व्हायला हवा होता.

"वहिनींनी भंडारा उचलला. मिटलं," आकाराम म्हणाला. मंडपात चहा आणि गरम भजी तयारच होती. भजी खाता खाता हंबीरराव आणि आकाराम यांनी एकमेकांना डोळा मारलेला तिनं पाहिला.

घरी येताना वाटेत पवित्रा भेटली. बोचकं घेऊन ती भावाकडे निघाली होती. तिनं बनाबाईच्या हातांकडे पाहिलं.

"वहिनी, मला वाटलंतं तुमी तरी गप ऱ्हाशीला."

"मी काय बोललेच न्हाय गं," बनाबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाची तिला किळस आली. पवित्रा पुढे निघून गेली. साबण लावून लावून बनाबाईनं हात धुतले, तरी नखांतली हळद निघाली नाही.

सकाळी म्हशीची धार काढून तिनं दूध आत आणलं. मोना गाळून कॅनमध्ये ओतायला लागली.

"मोने, आज दूध तिकटीवरच्या डेअरीला घालणार हाय मी. तुझं लगीन मोडंल कदाचित."

मोनानं उरलेलं दूध ओतलं. मग तिनं कॅनचं झाकण दाबून बसवलं.

"चल, मी बी येते. कॅन जड हाय."

दोघी संस्थेच्या दारावरून गेल्या. रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. फॅट काढायला बसलेला नवा माणूस उठून उभा राहिला, त्याला वाटलं चेअरमनच्या घरचं दूध आलं. त्या थांबल्या नाहीत.

दुपारच्या आत संचालकांची मिटिंग बसली. संध्याकाळी शेजारची धोंडुबाई धावतच सांगायला आली.

"बने, तुझ्या मालकाचा राजीनामा घेतला की. आकाराम तर टेबलावर हात आपटत हुता. म्हणला, संस्थेची अब्रू घालवली, असला चेअरमन एक दिवस ठेवायचा न्हाय."

बनाबाई म्हशीपुढे वैरण टाकत होती. तिनं वर पाहिलं.

"आणि पवित्राचं काय? तिला परत घेत्यात का?"

"तिचं नाव कोण काढतंय आता," धोंडुबाई म्हणाली. "मिटिंग दुधाची हुती."