साखराबाईचा आकडा

दंडाला पट्टा बांधून मी आयुष्यभर लोकांच्या रक्ताचा जोर मोजला. आपलं कुणी ऐकावं असं कधी वाटलं नव्हतं. आज वाटतंय, कारण मला शिसारी आली आहे. मी बीपीची मशीन. पत्र्याची पेटी, काचेची नळी, नळीत पारा आणि हाताने दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह.

कारखान्यातून आले ती थेट लातूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात. वॉर्डात बरी वर्षं गेली. मग बॅटरीवरच्या मशिनी आल्या आणि मी कपाटात धूळ खात पडले. एके दिवशी राजशेखर सरांनी मला बाहेर काढलं. "पाऱ्याची मशीन खोटं बोलत नाही," ते म्हणाले. केवढी फुगले होते मी!

चार विभागांचं मिळून मोठं संशोधन निघालं होतं. मोबाइलवर सतत बातम्या पाहिल्या तर माणसाचा ताण वाढतो का, बीपी चढतं का, हा प्रश्न. डॉक्टर म्हणून राजशेखर सर, आकडेमोडीला गणिताचे यज्ञेश सर, मनाचे प्रश्न विचारायला मानसशास्त्राच्या मॅडम आणि व्हिडिओ काढायला पत्रकारितेचे एक सर. मला हाताळायला ठेवली होती ऋतुजा. लोहा गावची पोरगी, नर्सिंग शिकलेली. पट्टा बांधायच्या आधी ती माणसाची बाही स्वतः हलकेच वर सारायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

मुखेड तालुक्यातलं एक गाव निवडलं. अर्ध्या गावाने तीन महिने बातम्या बंद करायच्या, अर्ध्याने पाहायच्या. नियम एकच होता, आकडा कुणाला सांगायचा नाही.

"आकडा कळला की माणूस घाबरतो, पथ्य करतो, गोळ्या घेतो. मग आपला अभ्यास बोंबलतो," सरांनी ऋतुजाला बजावलं.

तपासणीच्या पहिल्या दिवशी साखराबाई आली ती शेतातून, डोक्यावरचा पदर झटकत. मॅडमनी विचारलं, "गेल्या आठवड्यात तुम्हाला कधी उदास वाटलं का?"

"सोयाबीन काढून राहिले बाई. वाटायला टाइम कुठं हाय?" असं म्हणून ती खळखळून हसली. पत्रकारितेच्या सरांनी तिच्या हातात मोबाइल देऊन ते हसू टिपून घेतलं.

मग ऋतुजाने पट्टा बांधला, फुगा दाबला. माझा पारा दोनशेच्या वर जाऊन धडधडू लागला. ऋतुजाचा चेहरा उतरला.

"कसं हाय गं माझं?" साखराबाईने विचारलं.

ऋतुजा काही बोलायच्या आत राजशेखर सर म्हणाले, "एकदम छान आहे, मावशी."

जीपमध्ये ऋतुजा म्हणाली, "सर, फार चढलेलं आहे. दवाखान्यात तरी पाठवू."

"गोळी सुरू झाली की ती अभ्यासातून बाद. आधीच माणसं कमी पडून राहिलेत," सर म्हणाले आणि टपरीपाशी जीप थांबवून त्यांनी भजी मागवली. त्या तेलकट हाताने त्यांनी माझं झाकण बंद केलं. त्या हाताची मला पहिल्यांदा शिसारी आली.

तीन महिन्यांनी आम्ही परत गेलो. साखराबाई बाजेवर पडून होती. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, ओठाच्या कडेने लाळ. तिचा नवरा अण्णाराव ती पुसत होता. तरी पाहुणे म्हणून त्याने चहा टाकला, कप सरांच्या हाती दिला.

"पंधरवडा झाला. अटॅक आला डोक्यात," तो म्हणाला.

सर ऋतुजाकडे वळून म्हणाले, "डाव्या दंडाला बांध. दुसरा आकडा तर मिळेल."

त्या बाईच्या अंगाला आपण पुन्हा शिवावं, या विचाराने मला स्वतःचीच किळस आली. ऋतुजाने मला उघडलं नाही.

"काका," ती म्हणाली, "यांचं बीपी तेव्हाच फार होतं. आम्हाला ठाऊक होतं."

अण्णाराव तिच्याकडे वळला. "मग कामून न्हाई सांगितलं, बाई?"

सर अभ्यासाची शिस्त समजावू लागले. अण्णारावने त्यांच्या हातातला अर्धा प्यालेला कप काढून घेतला आणि चहा अंगणात ओतून दिला.

ऋतुजा तिथेच पायरीवर बसली. तिने गावाला हाका मारल्या. जो येईल त्याला पट्टा बांधला आणि आकडा मोठ्याने सांगितला. "भीमाबापू, तुमचं लई हाय. उद्याच्या उद्या दवाखाना!" सर जीप घेऊन निघून गेले. आम्ही एसटीने परतलो.

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. तिने नीतिसमितीकडे तक्रार केली. समितीत राजशेखर सर स्वतः होते, तक्रार तिथेच मुरली. यज्ञेश सरांनी तोडगा काढला, "त्या बाईचा दुसरा आकडाच नाही. नाव वगळा, सरासरी सुरेख येते."

नांदेडला परिषद भरली. मला मखमलीवर मांडलं होतं. पडद्यावर वाक्य आलं, 'एकही गंभीर रुग्ण आढळला नाही.' आणि त्यामागे हसणारी साखराबाई! हातात मोबाइल, तोंडभर हसू. टाळ्या पडल्या.

मागून ऋतुजा उभी राहिली. "ही बाई आता बोलू शकत नाही. हिचं नाव तुम्ही..."

"प्रश्न शेवटी," अध्यक्ष म्हणाले. शेवट आला तेव्हा कुणीतरी जाहीर केलं की जेवण तयार आहे. सगळे तिच्या बाजूने उठून गेले. एकाने जाता जाता गुलाबजाम आहेत का विचारलं.

ऋतुजा आता लोह्याजवळच्या एका उपकेंद्रात काम करते. साखराबाई भिंत धरून चार पावलं टाकते, असं तिनेच येऊन महाविद्यालयातल्या शिपायाला सांगितलं. मला मात्र काचेच्या कपाटात ठेवलंय, खाली सरांचं नाव आणि या संशोधनाला मिळालेल्या पुरस्काराचं वर्ष. माझा पट्टा वाळून ताठ झाला आहे. कालच नवी जीप नव्या गावाला निघाली. काचेतून मला सरांचा आवाज आला, "आकडा कुणाला सांगायचा नाही हं."

बाबांनो, उद्या तुमच्या दंडाला कुणी पट्टा बांधला तर हात सोडवून घेण्याआधी विचारा, किती आलं? तो जोर तुमच्या रक्ताचा आहे. आकडा हातात पडल्याशिवाय जागचे उठू नका.