अर्धं केळं

आदल्या रात्री धाकटीने स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली उशाखाली ठेवली आणि आईला बजावलं, "सकाळी दादाच्या पोटात पाण्याच्या घोटाशिवाय काही जायचं नाही. चहा नाही, बिस्कीट नाही, लाड तर मुळीच नाहीत."

"मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?" आई म्हणाली.

दादा चाळिशी ओलांडलेला, अंगाने दांडगा, पण बोलणं दोन-तीन शब्दांपलीकडे कधी गेलं नाही. गेले काही महिने घास घेतला की तो स्वतःच्याच डाव्या गालावर बुक्की मारायचा. दाढ किडली होती हे उघड होतं, पण सुखासुखी तोंड उघडेल तो दादा कसला! दातांच्या एका डॉक्टरांच्या बोटाला त्याने कडकडून चावा घेतला. दुसऱ्यांनी फोनवरच हात जोडले. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन सगळे दात एकदाच बघायचं ठरलं. तारखेसाठी धाकटीने इतके हेलपाटे घातले की तिथला वॉचमन तिच्या घरच्यांची खुशाली विचारू लागला. एकदा तारीख मिळाली, तर भुलीचं यंत्र बिघडलं. आजची दुसरी.

दादाचा पहिला नंबर होता. मागून नाड्या बांधलेला झगा घालून तो बाकावर बसला होता. आईने रुमाल काढायला पिशवी उघडली आणि धाकटीच्या नाकाला वास लागला.

"आई, पिशवीत काय आहे?"

"केळं."

"अर्धंच कसं?"

आई पंख्याकडे बघू लागली. "फिटची गोळी द्यायची होती ना सकाळी. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, गोळी चुकवू नका."

"घोटभर पाण्याबरोबर म्हणाल्या होत्या!"

"रिकाम्या पोटी? इतक्या वर्षांत कधी दिली नाही मी. पोटात आग पडते त्याच्या."

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. कुलूप स्वयंपाकघराला, आणि चोर पिशवीत! या बाईपुढे बँकेची तिजोरीसुद्धा कमी पडली असती.

"हळू बोल," आई कुजबुजली. "अर्ध्या केळ्याने काय आभाळ कोसळतंय? तारीख जाईल पुन्हा. गप्प बस."

तारीख जाईल हे धाकटीला आईपेक्षा जास्त ठाऊक होतं. भुलीत पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जातं, जीवावर बेततं, हेही तिला नीट समजावलेलं होतं. शेजारी दादाने गालावर बुक्की हाणली आणि तो कण्हला. गप्प बसावं असं तिला खरोखर वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "सकाळपासून काही खाल्लंय का यांनी?"

"नाही," आई ठामपणे म्हणाली.

"खाल्लंय," धाकटी म्हणाली. "अर्धं केळं. पहाटे, गोळीबरोबर."

आईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू हिनेच ते खाल्लं होतं. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. "तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या, "आणि यांना सांगता आलं नसतं. पोट रिकामं व्हायला हवं, म्हणून आता शेवटचा नंबर. तातडीचं कुणी आलं, तर आज नाही."

मग सुरू झाली ती दुपार! दादा "दे, दे" करत सगळ्या मजल्यावर फिरला. कुणी डबा उघडला की धाकटी त्याला ओढत दुसऱ्या टोकाला न्यायची. एका प्रेमळ बाईने "घे रे राजा" म्हणत बिस्कीट पुढे केलं, ते धाकटीने झडप घालून हिसकावलं. बाई थक्क झाल्या. धाकटीने आईसाठी चहा आणला, तर आई म्हणाली, "त्याच्यासमोर? माझ्या घशाखाली नाही उतरायचा." चहा तसाच निवला. धाकटीला दोघांचाही वैताग आला होता, आणि पावलं वाजली की दार उघडून कुणी तातडीचं येतंय का, याची धास्ती होती.

कुणी आलं नाही. ऊन कलल्यावर दादाला आत नेलं. बऱ्याच वेळाने दातांचे डॉक्टर बाहेर आले. तीन दात काढले, बाकीचे भरून साफ केले. "डाव्या दाढेखाली पू साठला होता," ते म्हणाले. "सोसलं कसं यांनी, देव जाणे." आईने पदर तोंडाला लावला.

दादा शुद्धीवर आला, पाणी प्यायला, ते पोटात राहिलं. सिस्टर म्हणाल्या, "आता काहीतरी मऊ भरवा, मग घरी सोडतो."

आईचा हात पिशवीत गेला. काळं पडलेलं अर्धं केळं बाहेर आलं.

"आई!" धाकटी ओरडली.

"मऊच आहे," आई म्हणाली.

सिस्टरना हसू आवरेना. "काळं तेवढं काढा आणि कुस्करून द्या. उजव्या बाजूने, चमच्याने."

धाकटीने धुसफुसत केळं कुस्करलं. एका हाताने चमचा पुढे केला आणि सवयीने दुसरा हात दादाच्या डाव्या गालाशी आडवा धरला, बुक्की अडवायला. दादाने घास घेतला, गिळला. धाकटी हात तसाच धरून थांबली.

मूठ उठलीच नाही. "दे," दादा म्हणाला आणि त्याने पुन्हा आ केला.