दुसऱ्या अंकातला नकार

आमच्या हौशी नाट्यमंडळात मी प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजायचं. या कामाला तीन गुण लागतात. तिखट कान, दबका आवाज आणि दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करायची हौस. पहिले दोन मी मेहनतीनं कमावले. तिसरा गुण, लेक झाली तेव्हा तिच्याबरोबरच घरी आला.

यंदाचं नाटक जुनं, शोकांत. प्रधान आपल्या मुलीच्या हाती विषाचा पेला देतो आणि म्हणतो, हा युवराजांना नेऊन दे. तिचा जीव युवराजावर. तरी ती नेते, कारण बाबांनी सांगितलंय. तिकडे राणी धाकट्या मुलाला सूड घ्यायला लावते, तोही घेतो, कारण आईनं सांगितलंय. शेवटी रंगमंचावर पाच प्रेतं आणि मधोमध एक रडणारा बाप. दर तालमीला मी पदर डोळ्यांना लावून म्हणायचे, "काय मेले आईबाप तरी! पोरांना जरा मोकळं सोडलं असतं तर?"

प्रधानाच्या मुलीचं काम माझीच लेक करत होती. ती माझ्याकडे नुसती बघायची.

त्याच सुमारास एका फिरत्या नाटक कंपनीच्या मॅनेजरबाईंनी तिला विचारलं होतं, आमच्याबरोबर येतेस का? वर्षातले आठ महिने दौरा, आज या गावी, उद्या त्या. पहिल्या प्रयोगाला त्या येणार होत्या, तेव्हा उत्तर द्यायचं होतं. मी आधुनिक बाई. लगेच म्हटलं, "तुझं तू ठरव." आणि त्या दिवसापासून बीपीची गोळी जेवणाच्या टेबलावर घ्यायला लागले. एरवी मी ती सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गिळते. आता तिच्या समोर बसून, भला मोठा ग्लास घेऊन, सावकाश.

इकडे तालमीत माझी वेगळीच अडचण झाली. बापानं पेला पुढं केल्यावर मुलगी "जशी आपली आज्ञा, बाबा" म्हणते. त्या वाक्याआधी ती बराच वेळ गप्प उभी राहील, असं तिनं आणि दिग्दर्शकांनी ठरवलं. दिग्दर्शक दिवसा चष्म्याचं दुकान चालवतात, त्यामुळे माणसाला काय दिसत नाही ते त्यांना पटकन कळतं.

"ताई, ती तिथं विसरलेली नसेल हं. थांबलेली असेल," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"तिला वाटेल तितका."

मी मान डोलावली आणि पाठोपाठ तीन तालमींत वाक्य सांगून मोकळी झाले. तिसऱ्यांदा तर अशी कुजबुजले, की मागं खिळे ठोकणारा सुतार "जशी आपली आज्ञा" म्हणून हातोडी ठेवून उभा राहिला.

लेक भडकली. "आई, ती माझी जागा आहे! ती तिथं विचार करतेय."

"एवढा कसला विचार? शेवटी हो तर म्हणायचंय."

"तेच तर!"

प्रयोगाच्या संध्याकाळी दिग्दर्शकांनी माझ्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. "दुसरा अंक सुरू झाला की तोंडात टाका. चघळत बसा."

प्रधान म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. त्यांनी पेला पुढं केला. लेक थांबली. मी गोळी गालात धरून बसले. सभागृहात कुणी खोकेना की हलेना. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की कुणीतरी माझ्याकडे बघावं असं वाटायला लागलं.

मग लेक म्हणाली, "नाही, बाबा. मी नेणार नाही."

डॉक्टर पुतळा झाले. पलीकडच्या विंगेत मरायला तयार होऊन उभा असलेला युवराज डोळे फाडून बघायला लागला. पेला गेला नाही तर कुणीच मरत नाही, आणि पुढचे दोन अंक करायचं काय? डॉक्टरांची मान हळूहळू माझ्याकडे वळली. मी संहितेची पानं उलटली. पण नाटककारानं मुलीला नकारच दिला नव्हता, तर त्याला उत्तर कुठलं असणार!

मी गोळी हातात काढली. आणि माझ्या तोंडून सरळ, न अडखळता निघालं, "बरं. नको नेऊस. माझं काय, माझे किती दिवस उरलेत? तू सुखात राहा म्हणजे झालं."

डॉक्टरांनी ते जसंच्या तसं म्हटलं. वर एक सुस्काराही टाकला, तो मात्र त्यांचा.

लेकीचा चेहरा अजून नाहीच म्हणत होता. हात आधी पुढं आला. तिनं पेला घेतला, बापाच्या खांद्यावरून थेट विंगेत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जशी आपली आज्ञा."

पुढं सगळे वेळेवर मेले.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक धावत आले. "ताई, काय वाक्य दिलंत हो! कायम ठेवू या. सुचलं कसं?"

"घरगुती आहे," मी म्हटलं.

रंगपटात लेक आरशासमोर बसून तेलानं रंग पुसत होती. अर्धा चेहरा प्रधानाच्या मुलीचा, अर्धा माझ्या मुलीचा.

"विसरलीस का गं?" मी विचारलं.

"नाही. तिला नाही म्हणता येतं का, ते बघायचं होतं."

"मग?"

"येतं. पुढच्या वाक्यापर्यंत." ती आरशातूनच म्हणाली, "मॅनेजरबाई बाहेर थांबल्यात. काय सांगू?"

माझ्या डोक्यात वाक्यांची रांग लागली. एकेक पाठ झालेलं, घासूनपुसून ठेवलेलं. माझी काळजी करू नकोस. मी राहीन एकटी. मी ओठ मिटले. गोळी कधीच विरघळली होती, मुठीत नुसता चिकटा.

"आई, बोल ना काहीतरी."

"तू गेलेलं मला नकोय," मी म्हटलं. "बीपी बरा आहे. मलाच नकोय. हे माझं झालं. आता तुझं सांग."

ती गप्प बसली. बराच वेळ. मी स्टुलाची कड घट्ट धरून ठेवली.

"मी जातेय," ती म्हणाली.

"बरं."

तिनं भुवई उचलली. खरंच, भलत्याच सुरात निघालं होतं. अगदी किती दिवस उरलेतवालं.

"बरं," मी पुन्हा म्हटलं.

"अजून थोडं कमी मर."

तिसऱ्या खेपेला बऱ्यापैकी जमलं. ती उठली आणि अर्धा रंग तसाच ठेवून मॅनेजरबाईंशी बोलायला बाहेर गेली. मी दाराशी कान लावला नाही. त्यासाठी मला दोन्ही हातांनी टेबल धरावं लागलं, पण नाही लावला.