संताने फिरवलेली पाठ

भूकंपानंतर सारं गाव चौकात गुडघे टेकून बसलं होतं. चौथऱ्यावरची संत वितोची संगमरवरी मूर्ती आपोआप वळली होती आणि खालच्या आळीकडे तिची पाठ झाली होती. एजिदिओबाबा हा गावचा स्वयंघोषित संन्यासी. "पापी आळी कोसळली, आणि वर संतानं पाठ फिरवली," असं तो घसा फोडून सांगत होता. संताला एवढं कळत होतं, तर आदल्या दिवशी एक हाक मारायला काय झालं होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

नुन्झियाताचा नवरा तुरी खालच्या आळीत भिंतीखाली मेला. बाबाच्या शब्दावर गावाने त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, कुत्र्यासारखं पुरलं. त्या दिवसापासून तिने रडणं सोडलं आणि बाबावर डूख धरला.

मग नेपल्सहून प्रोफेसर बार्बेरा भूकंपाची इयत्ता, म्हणजे तो किती जोराचा होता ते, ठरवायला आले. झोपलेले जागे झाले का, दिवे झुलले का, कुणाची धुराडी पडली, असं ते घरोघर विचारत. गाव हसे. नुन्झियाता मात्र त्यांची पाठ सोडेना. मूर्ती पाहून ते म्हणाले, की नुसती टेकवलेली जड वस्तू जोरात हादरली की जागच्या जागी वळते. ही आठवी इयत्ता. वरची आळी खडकावर आहे, खालची नदीच्या वाळूवर, म्हणून तीच जास्त हलली.

"मग थडग्यांवरचे खांबही बघा," ती म्हणाली. रोज दफनभूमीच्या भिंतीपाशी जाऊन तिने ते पाहून ठेवले होते.

बाबासकट सारं गाव मागे निघालं. सगळे खांब मूर्तीसारखेच वळलेले होते. सरळ होता तो एकच, बाबाच्या आईचा. प्रोफेसरांनी त्याच्या बुडाची धूळ पुसली. खाली गोल घासल्याचा ताजा ओरखडा होता आणि शेजारी पहारीचा वण. हाही वळला होता, नंतर कुणीतरी सरळ केला, असं त्यांनी सांगितलं.

"बाबा, आईनं पाठ फिरवली ती कुणाच्या पापामुळे?" नुन्झियाताने विचारलं.

"पाप कसलं, बाई? दगड तो. हादऱ्यानं वळला," बाबा पुटपुटला.

"तुमची आई हादऱ्यानं, आणि माझा तुरी पापानं?" तिने फावडं त्याच्या हातात दिलं. "खणा. तुम्हीच त्याला आत आणायचं."

त्याच्या तळहातांना फोड आले, तरी तिने कुणाला मदत करू दिली नाही. ती समोर बसून बघत राहिली आणि तिला बरं वाटलं.

तेव्हा मंडळी, दगड वळला की तो कशावर उभा होता ते आधी बघा. मेलेल्यांची पापं मोजू नका.