त्रिफेराचा दगड

मी एक जुना दगड आहे आणि मला मुलं आवडत नाहीत. पुतेओली बंदराहून काप्वा शहराला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, थडग्यांच्या रांगेत मी उभा आहे. तुम्ही येता-जाता नेम धरून मला खडे मारता. मित्रांनो, मारताय ते कोणाला, हे तरी एकदा ऐका.

डोंगरातून मला उखडलं तेव्हा लोक म्हणत होते, देवळाची पायरी होईल. झालो नाटकवालीचं थडगं! व्हिबियुस पाथरवटाने माझ्यावर एक चेहरा कोरला आणि खालच्या अक्षरांत तांबडा रंग भरला. चेहरा त्रिफेराचा. ती मुखवटा न घालता, अनवाणी रंगमंचावर यायची. तिला बघायला अख्खं गाव लोटायचं आणि घरी जाताना तेच गाव तिला शिव्या घालायचं. अब्रूदार घरांत तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत. ढोंगी मेले! ती वारली तेव्हा तिच्याबरोबर काम करणाऱ्या टकल्या विदूषकाने, युकुंदुसने, पोटाला चिमटा घेऊन मला उभं केलं. तिला मूलबाळ नव्हतं. तिचं नाव जगात फक्त माझ्या अंगावर उरलं.

आमच्याकडे थडगं मोठ्याने वाचायची रीत आहे. वाटसरू थांबत, वाचत, हसत आणि पुढे जात. शेजारी ओप्पियाबाईंच्या नवऱ्याचं संगमरवरी थडगं आहे, त्याच्याकडे कुत्रंही ढुंकून बघत नसे. बाईंच्या पोटात दुखायला तेवढं पुरे झालं.

फेब्रुवारीत, पितरांच्या दिवसांत, युकुंदुस माझ्यापुढे दारूत भिजवलेला पाव ठेवत होता. तेवढ्यात ओप्पियाबाई व्हिबियुसला छिन्नी-हातोड्यासकट घेऊन आल्या.

"ह्या सटवीचं नाव खरवडून काढ," त्या म्हणाल्या.

युकुंदुस जागचा हलला नाही. "काढा की, बाईसाहेब. पण काय काढायचं ते आधी रीतीप्रमाणे मोठ्याने वाचा तरी."

बाईंनी तावातावाने वाचलं, पार रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं. "थांब, वाटसरा. मी त्रिफेरा. तुला हसवून हसवून दमले, आता निजते. म्हण, त्रिफेरा, तुझ्यावरची माती हलकी असो."

शेवटचे शब्द तोंडातून गेले, तेव्हा आपण काय बोलून बसलो ते बाईंना कळलं. पितरांच्या दिवसांत मेलेल्याला दिलेला आशीर्वाद मागे घेता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. व्हिबियुसने छिन्नी पिशवीत टाकली.

"आता मी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "तुम्हीच तिला निजवलंत."

बाईंनी त्याच्या हातातला हातोडा हिसकावला आणि माझ्यावरच्या चेहऱ्यावर घातला. नाक गेलं, एक डोळा गेला. मग धापा टाकत त्या नवऱ्याच्या थडग्याला टेकल्या.

"हिलाच बघायला जायचा तो," त्या म्हणाल्या. "घरी कधी हसला नाही."

युकुंदुसने तोंड फिरवलं. मला बाईंची कीव आली नाही. अजूनही येत नाही.

पुढे युकुंदुसही वारला. तांबडा रंग उडाला, गवत कमरेपर्यंत आलं. आता पाव कोणी आणत नाही आणि थांबून वाचणारेही कमी झाले. तुमच्याकडून मला फुलं नकोत, गोड बोलणंही नको. खडे मारायची खाज असेलच, तर चेहऱ्यावर मारा. तिथे मोडायला काही उरलेलं नाही. पण खालच्या अक्षरांना लागू देऊ नका. तेवढी गेली, तर ती खरंच मरेल.